रोगाच्या चार वाटा



'जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत', 'पाणी गाळून व उकळून प्यावे', 'नखे वेळच्या वेळी काढावीत' हे आरोग्याचे नियम आपणांपैकी प्रत्येकास तोंडपाठ आहेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते आपण बिनचूक लिहितो. परंतु नियम पाठ असणे निराळे आणि त्यामागचे कारण समजणे निराळे. कारण न समजता पाळलेला नियम फार दिवस टिकत नाही; आणि कारण न समजता दुसऱ्यास केलेला उपदेश बहुधा टोचणीच ठरतो. 'पाड्यावरची माणसे अस्वच्छ राहतात, म्हणून आजारी पडतात,' असे वाक्य अधूनमधून आपल्या कानांवर येते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. परंतु ते वाक्य फार तर अर्धे खरे आहे, आणि आरोग्याच्या बाबतीत अर्धे सत्य मोठे घातक असते. रोग एखाद्या घरात कोणत्या वाटेने शिरतो, ती वाट मोकळी का राहते आणि ती बंद कशी करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपला प्रदेश आणि आपली माणसे

आपली नरोली सिल्वासापासून जवळ, गुजरातच्या वलसाड जिल्ह्याच्या शेजारी वसलेली आहे. २८ जुलै १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतात विधिवत विलीन झाली. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. दादरा व नगर हवेलीचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ३,४३,७०९ भरली आणि तीत निम्म्याहून अधिक माणसे अनुसूचित जमातींची होती. वारली ही त्यांतील सर्वांत मोठी जमात. तिच्याबरोबर धोडिया, कोकणा, काथोडी, नायका, कोळी ढोर आदी जमाती येथे पिढ्यान् पिढ्या राहत आल्या आहेत. डहाणू, तलासरी, जव्हार या महाराष्ट्रातील भागांत याच जमातींचे सोयरेधायरे नांदतात. सीमारेषा कागदावर आहे. नातीगोती आणि दुर्दैवाने रोगराईही ती रेषा ओळखत नाही.

या प्रदेशात वर्षाला २०० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही पूर्वेकडील डोंगराळ भागात चैत्र-वैशाखात विहिरी व झरे तळ गाठतात. येथील काळा खडक पाणी फारसे मुरू देत नाही आणि उतारावरचे पाणी ओहोळांतून वेगाने वाहून जाते. आषाढात पाण्याने वेढलेला पाडा वैशाखात हंडाभर पाण्यासाठी लांबवर चालतो. आरोग्याचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी.

घराची जुनी शिस्त

वारली घर ज्याने आतून पाहिले आहे, तो त्यास अस्वच्छ म्हणणार नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा लेप, गेरूचा रंग आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे आज देशोदेशी ओळखली जातात. जमीन रोज झाडली जाते व वेळोवेळी सारवली जाते. सण आला वा लग्न ठरले की अवघे घर नव्याने लिंपले जाते. भांडी राखेने घासली जातात. करंजाच्या किंवा कडुनिंबाच्या काडीने दात घासण्याची रीत येथे पूर्वापार आहे. साबण मिळत नसे त्या काळी राखेने हात चोळून धुणे हा चांगलाच उपाय होता, आणि साबण नसेल तेव्हा आजही तो उपाय करण्यास हरकत नाही. तात्पर्य, स्वच्छतेची आवड बाहेरून कोणी आणून द्यावी, अशी येथे स्थिती नाही.

मात्र जुने ते सर्वच सोने असते, असेही नव्हे. ज्या शेणाने सारवलेली जमीन नीटनेटकी दिसते, त्याच शेणात धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असू शकतात. नवजात बालकाच्या नाळेला शेण, राख वा माती लावणे म्हणजे त्या बीजांना बालकाच्या देहाचे दार उघडून देणे होय. नाळ कापण्याचे पाते नवे व निर्जंतुक असावे आणि कापलेल्या नाळेस काहीही न लावता ती कोरडी ठेवावी, एवढे पथ्य पाळले व आईला धनुर्वाताची लस दिली, तर हा मृत्यू टळतो. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निवारण झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. त्यासाठी कोणालाही सारवण सोडावे लागले नाही. शेण जमिनीवर असू दिले, ते नाळेपासून मात्र दूर ठेवले. जुन्या रीतीतील नेमका कोणता भाग धोक्याचा, हे ओळखणे म्हणजे शास्त्रीय दृष्टी.

पहिली वाट : पाणी

हगवण, पटकी, विषमज्वर आणि कावीळ यांची मुख्य वाट पाण्याची. माणसाच्या विष्ठेतील जंतू पाण्यात मिसळतात आणि ते पाणी दुसऱ्याच्या पोटात जाते, एवढीच ती कथा. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली असता डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली आणि ती बहुतेक ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाभोवती असल्याचे दाखवून दिले. ज्या काळी रोग दूषित हवेने होतो असे मोठमोठे विद्वान मानीत, त्या काळी त्यांनी पंपाचा दांडा काढावयास लावला. लंडनसारखी राजधानीही त्या काळी अस्वच्छ पाण्याने मरत होती, हे विसरू नये. तेथील माणसे बदलली नाहीत; त्यांच्या पाण्याची व सांडपाण्याची व्यवस्था बदलली.

आपल्याकडील याहून बोधप्रद उदाहरण नारूचे आहे. नारूची अळी पाण्यातील अतिसूक्ष्म पिसवेत असते. असे पाणी प्याल्यावर सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा, कधी त्याहूनही मोठा कृमी बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर पडू लागतो. वेदनेने व दाहाने रोगी पाय पाण्यात बुडवितो. आणि नेमक्या त्याच वेळी कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडतो. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याची पद्धत जेथे होती, तेथे एका रोग्यापासून सारे गाव आजारी पडे. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आदी राज्यांत हा रोग पसरला होता. त्यावर औषध नव्हते, लस नव्हती. तरीही जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हे घडले कसे? पाणी फडक्याने गाळून घ्यावे आणि नारू झालेल्याने पाण्यात उतरू नये, हे घरोघरी सांगितले गेले. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांना कठडे घातले, हातपंप बसविले, पाण्यात औषध टाकले. सवय आणि सोय या दोन चाकांवर तो गाडा चालला. नुसत्या उपदेशाने तो जागचा हलला नसता आणि नुसत्या हातपंपानेही मुक्कामी पोहोचला नसता.

आता थोडे गणित करू. 'जल जीवन मिशन' ही योजना १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली. तीत दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने द्यावे, असे प्रमाण ठरविले आहे. पाच माणसांच्या कुटुंबास म्हणजे २७५ लिटर. एक हंडा १५ लिटरांचा धरला, तर हे पाणी १८ हंड्यांहून अधिक होते. ज्या घरची आई दूरच्या झऱ्यावरून दिवसाकाठी चार-पाच हंडे आणते, तिने पिण्यास, स्वयंपाकास, गुरांना आणि आंघोळीस पाणी कसे पुरवावयाचे? अशा घरातील मूल रोज न्हात नसेल, तर दोष मुलाचा की अंतराचा? ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा राज्य आणि आपला केंद्रशासित प्रदेश हे 'हर घर जल' म्हणून प्रमाणित होणारे देशातील पहिले प्रदेश ठरले. ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. नळ दाराशी आला की आईचे चालणे वाचते आणि धुण्यापुसण्यास पाणी उरते.

परंतु नळाचे शुद्ध पाणीही घरात आल्यावर अशुद्ध होऊ शकते. माठात पेला बुडविला की पेल्याबरोबर बोटेही बुडतात. म्हणून माठावर झाकण असावे आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. अशा एका ओगराळ्याने अनेक दुखणी वाचतात.

शौचकूपाचा प्रश्नही याच वाटेवरचा. उघड्यावरची विष्ठा पहिल्या पावसात ओहोळात जाते आणि तेथून विहिरीत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात स्वस्त व सोपे संडास तयार करण्याचे कार्य केले आणि विष्ठेपासून सोनखत होते हे शेतकऱ्यांना दाखविले. संत गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून तीच शिकवण देत. आजचा दोन खड्ड्यांचा संडास याच विचाराचा वारस होय. एक खड्डा भरला की दुसरा वापरावयाचा. दरम्यान पहिल्यातील मैल्याचे निर्धोक खत होते. खड्डा मात्र विहिरीपासून निदान १० मीटर दूर असावा; भेगाळलेल्या खडकाच्या जमिनीत त्याहूनही दूर.

हगवण लागलीच, तर तीत प्राण जातो तो देहातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा शिरेतून द्यावयाचे द्रावण संपले. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून ते तोंडाने पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला. मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ हूनही खाली आले. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते! २०२३ साली डॉक्टर महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. क्षारसंजीवनीची पुडी आज आशाताईंकडे व दवाखान्यात मिळते. ती नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. हे पाणी घोट घोट पाजावे आणि २४ तासांत संपले नाही तर टाकून नवे करावे. मीठ कदापि जास्त घालू नये. मुलाचे अंगावरचे दूध वा जेवण बंद करू नये. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

दुसरी वाट : हात

१८४७ साली व्हिएन्ना नगरीच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी पाहिले की, ज्या कक्षात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर बाळंतपणे करीत, तेथे बाळंतिणी अधिक मरत. सुईणींच्या कक्षात कमी. त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. येथे अस्वच्छ हात खेड्यातील सुईणीचे नव्हते. ते विद्याविभूषित डॉक्टरांचे होते. म्हणूनच हाताच्या बाबतीत कोणी कोणास हिणवू नये.

एक प्रयोग वर्गात करून पाहावा. एका मुलाच्या तळहातास थोडे तेल व हळद लावावी. त्याने दुसऱ्याशी हस्तांदोलन करावे, दुसऱ्याने तिसऱ्याशी, असे दहा जणांपर्यंत करावे. मग दाराची कडी, पाण्याचा पेला, डब्याचे झाकण, स्वतःचे तोंड यांवर हळद कोठे कोठे लागली ते पाहावे. नंतर अर्ध्या मुलांनी नुसत्या पाण्याने आणि अर्ध्यांनी साबणाने हात धुवावेत. हळद कोणाच्या हाताला राहते, ते पाहिल्यावर साबणाचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. तेलकट थराला धरून बसलेले जंतू साबणामुळे सुटतात व पाण्याबरोबर जातात. साबण वीस सेकंद तरी चोळावा. बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखांखालची जागा विसरू नये. शौचानंतर, लहान मुलाचे शौच धुतल्यानंतर, स्वयंपाकापूर्वी व जेवणापूर्वी हात धुणे, एवढे नित्य पाळले तर हगवणीच्या दुखण्यांत सुमारे तिसरा हिस्सा घट होते, असे ठिकठिकाणच्या अभ्यासांवरून दिसून आले आहे.

तिसरी वाट : पाय

अनवाणी चालण्याची सवय असलेल्यांच्या पायाचा तळवा कठीण असतो. परंतु अंकुशकृमीच्या अळीस तो अडवू शकत नाही. विष्ठेतून ओलसर मातीत पडलेल्या अंड्यांतून ही अळी निघते, पायाच्या कातडीतून आत शिरते, रक्तावाटे फुप्फुसांत जाते, तेथून घशात येऊन गिळली जाते आणि शेवटी आतड्यास चिकटून रक्त शोषू लागते. मूल फिकट, सुस्त व अभ्यासात मागे पडलेले दिसते. त्यास आळशी म्हणून शिक्षा करणे हा केवढा अन्याय! त्याची शक्ती कृमींनी खाल्लेली असते. यासाठी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या त्याच्या ठरलेल्या तारखा. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत अल्बेन्डाझोलची गोळी विनामूल्य देतात. ती चावून खावी, खिशात घालून घरी नेऊ नये. पायांत वहाण आणि विष्ठेसाठी संडास, हे या रोगाचे कायमचे उपाय होत.

भाताच्या लावणीच्या दिवसांत याच वाटेने आणखी एक भयंकर ज्वर येतो. त्याचे नाव लेप्टोस्पायरोसिस. दक्षिण गुजरातमधील वलसाड, नवसारी व सुरत या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत त्याच्या साथी पावसाळ्यात येत आलेल्या आहेत. उंदरांच्या व गुराढोरांच्या मूत्रातील जंतू शेतातील पाण्यात मिसळतात आणि चिखलात तासन् तास उभ्या राहणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून, जखमांतून देहात शिरतात. तीव्र ताप, अंग मोडणे, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ आणि मूत्रपिंड निकामी होणे, असा त्याचा क्रम असतो. लावणी तर सोडता येत नाही. कारण त्यावर वर्षाची भाकर अवलंबून असते. म्हणून जखमेवर पट्टी बांधावी, शक्य तेथे गमबूट घालावेत, शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत. आणि लावणीच्या दिवसांत ताप आला, तर तो अंगावर न काढता पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दवाखान्यात जाऊन 'मी चिखलात काम करतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच दिलेले साधे औषध येथे प्राण वाचविते.

चौथी वाट : सहवास

खरूज हा अतिसूक्ष्म किड्याचा उपद्रव होय. तो कातडीच्या आत घर करतो आणि एकत्र निजणाऱ्यांत अंगाअंगाने पसरतो. रात्री खाज अधिक सुटते, झोप मोडते, खाजवून जखमा होतात आणि त्या चिघळल्यास कधी कधी मूत्रपिंडालाही अपाय होतो. येथे एकट्या मुलास मलम लावून काम भागत नाही. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी औषध लावावे. कपडे व अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. एका कांबळीखाली पाच जण निजतात, ते हौसेने नव्हे. कारखान्यांच्या आसपास एकाच खोलीत दाटीने राहणाऱ्या, दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या कामगारांचीही हीच अवस्था असते. खरूज दाटीच्या मागे जाते. ती जमात पाहत नाही.

क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत जातात. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी आणि घरास खिडकी असावी.

कुष्ठरोगाविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे. १८७३ साली नॉर्वे देशातील हान्सेन यांनी त्याचा जंतू शोधून काढला. म्हणजे हा रोग शाप नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे, हे ठरून दीडशेहून अधिक वर्षे झाली. २००५ अखेर भारतात त्याचे प्रमाण दर दहा हजारांस एकाहून खाली आले. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे दादरा व नगर हवेलीत ते पुष्कळ अधिक राहिले. २०१५ च्या सुमारास आपल्या प्रदेशात रुग्णाच्या सहवासातील निरोगी माणसांना रिफॅम्पिसिन या औषधाचा एकच डोस देऊन रोग टाळण्याचा उपक्रम सुरू झाला. ब्राझील, नेपाळ, टांझानिया आदी देशांतही तो चालला होता. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा उपाय आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतला. या लहानशा प्रदेशातील साध्या माणसांनी साऱ्या जगास उपयोगी पडणाऱ्या कार्यास असा हातभार लावला.

कातडीवरील फिकट वा लालसर बधिर चट्टा हे या रोगाचे पहिले लक्षण. औषध विनामूल्य मिळते, सहा वा बारा महिने घ्यावे लागते आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र हातापायांना कायमचे व्यंग येऊ शकते. उशीर का होतो? लाजेमुळे. लोक नावे ठेवतील या भीतीने चट्टा झाकला जातो, आणि झाकलेल्या रोगापासून साऱ्या घराला धोका पोहोचतो. म्हणून 'घाणेरडी माणसे' असा शब्द उच्चारणारा मनुष्य नकळत रोगालाच साह्य करतो.

सगळेच रोग अस्वच्छतेचे नव्हेत

आदिवासी जमातींत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा विकार आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य वेदना उठतात. कितीही साबण लावला तरी हा आजार धुतला जाणार नाही; आणि भगताकडे नेल्याने तो उतरणारही नाही. रक्ताची तपासणी हाच मार्ग. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी करून मिळणारे कार्ड जपून ठेवावे व सोयरीक ठरविताना ते पाहावे.

शिकविणाऱ्यांनी कसे शिकवावे

आपल्या जवळच दोन थोर उदाहरणे आहेत. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५७ च्या सुमारास ते कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी मुलांना दूषण दिले नाही. शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गाणी-गोष्टींच्या बरोबरीने तोंड धुणे, केस विंचरणे, नखे काढणे हेही तेथे शिक्षणच मानले गेले, आणि ते मायेच्या हातांनी झाले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉक्टर अभय व राणी बंग यांनी तेथे १९८६ साली कार्य सुरू केले. गोंड लोकांना भय वाटू नये म्हणून त्यांनी रुग्णालय झोपड्यांसारखे बांधले आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव दिले. खेड्यातील स्त्रियांनाच शिकवून त्यांनी आरोग्यदूत केले. बाळास हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे, बाळास ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, या गोष्टी त्या स्त्रिया ३९ गावांतून घरोघर जाऊन करू लागल्या. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोठी यंत्रे तेथे नव्हती. होते ते साबण, ऊब, थोडे औषध आणि आपल्यापैकीच एकीने सांगितलेला शब्द.

आपले काम

मित्रहो, आता आपण काय करावे? घरी गेल्यावर माठावर झाकण आहे का, ओगराळे आहे का, हे पाहावे. संडासाजवळ पाणी व साबण ठेवावा. आजीला क्षारसंजीवनीचे पाणी करून दाखवावे. लावणीला जाणाऱ्या वडिलांच्या व काकांच्या पायांच्या जखमा बांधून द्याव्यात. पाठीवर बधिर चट्टा दिसला तर त्याचा गवगवा न करता आशाताईंना सांगावे. सिल्वासाचे सरकारी रुग्णालय आपल्यापासून फार दूर नाही. शाळेतील नळ गळत असेल, संडासास पाणी नसेल, तर गुरुजनांना कळवावे. ग्रामसभेत मोठ्यांनी हेच प्रश्न विचारावेत. कारण काही वाटा एका घराने बंद होतात, तर काहींसाठी सारे गाव लागते.

आणि वर्गातील एखाद्या मित्राचा सदरा मळलेला दिसला, तर त्याच्याशेजारी बसावयास नकार देण्यापूर्वी त्याच्या घरी पाणी किती हंडे येते आणि ते कोण आणते, एवढे मनात मोजून पाहावे. मग त्याच्याशी बोलण्याचा आपला स्वर आपोआप बदलेल. रोगाच्या चारही वाटा बंद करण्याचे काम त्या बदललेल्या स्वरापासूनच सुरू होते.